माधव महाराजांची मोटार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात इंदरगंज नावाची जुनी वस्ती आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी सैन्याचा तळ ठोकला. तंबूंच्या जागी घरे आली, घरांभोवती बाजार आले आणि फौज पांगली तरी वस्तीचे नाव लष्करच राहिले. त्या लष्करातलाच हा इंदरगंज चौक. आज तिथे रिक्षा, स्कूटर आणि मोटारी एकमेकींना खेटून वळतात. जयविलास राजवाडा इथून फार लांब नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या भागात मोटार दिसली तर ती बहुधा राजवाड्यातलीच असे आणि स्टिअरिंगवर स्वतः महाराज असणे हेही नवलाचे नव्हते.

हे महाराज म्हणजे माधवराव शिंदे. ग्वाल्हेरची मराठी माणसे आजही त्यांना माधव महाराज म्हणतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यांचे नाव निघते ते बहुतेक वेळा जेवणाच्या टेबलावर धावणाऱ्या चांदीच्या आगगाडीमुळे. ती गाडी खरीच आहे आणि तिची गोष्टही पुढे येईल. पण तिच्यामुळे माणूस मात्र झाकला गेला. खेळण्यांचा शौकीन संस्थानिक एवढीच त्यांची ओळख उरली. यंत्रावर त्यांचे प्रेम होते यात शंका नाही. प्रश्न असा की, त्या प्रेमाचे त्यांनी केले काय?

२० ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जयाजीराव शिंदे १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. तरीही ग्वाल्हेरचा किल्ला बराच काळ इंग्रजांच्याच ताब्यात होता. झाशीच्या बदल्यात तो परत मिळाला ते वर्ष १८८६, आणि त्याच वर्षी २० जून रोजी जयाजीराव वारले. माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. राज्य रीजन्सी कौन्सिलने चालवले, मुलाला इंग्रज शिक्षक मिळाले, आणि घरात मातोश्री सख्याराजे यांचा शब्द प्रमाण राहिला. आईवरची त्यांची भक्ती अखेरपर्यंत ढळली नाही. १८९४ च्या डिसेंबरात पूर्ण अधिकार हाती आले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. राज्याचा विस्तार मोठा होता, पण प्रदेश तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. उत्तरेला चंबळचे खोरे, मधे शिवपुरीचे जंगल, खाली माळव्यात उज्जैन आणि मंदसौर. अशा राज्याच्या तरुण धन्याला रुळांची आणि चाकांची ओढ लागावी, यात केवळ लहर नव्हती.

सुरुवात मात्र लहरीनेच झाली. राजवाड्याच्या आवारात त्यांनी दोन फूट रुंदीचे रूळ टाकले आणि छोटे इंजिन आणून ते स्वतः चालवू लागले. दरबारी मंडळींना ते खेळणे वाटले असेल. पण काही वर्षांतच तेच दोन फुटी रूळ आवाराबाहेर पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक फाटा भिंडकडे आणि दुसरा शिवपुरीकडे गेला. तिसरा पश्चिमेकडे वाढत वाढत १९०९ मध्ये श्योपूरला पोचला. हा शेवटचा मार्ग जवळजवळ दोनशे किलोमीटरचा. ग्वाल्हेर लाइट रेल्वे या नावाने ही गाडी ओळखली गेली. दुष्काळात धान्य पोचवायला आणि एरवी धान्य बाजारात आणायला तिचा उपयोग होत असे. चंबळच्या बीहडांत बैलगाडीला जिथे दिवस लागत, तिथे तासांची भाषा सुरू झाली.

इतके अरुंद रूळ का, असे आज वाटते. पहिले कारण पैशाचे. माती कमी उकरावी लागते, पूल हलके चालतात, डबेही स्वस्त पडतात. दुसरे कारण वळणांचे, आणि ते समजले की आगगाडी आणि मोटार यांच्यातला एक मूलभूत फरकही समजतो.

कोणतेही वाहन वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त, याचा हिशेब सोपा आहे. काटकोनात वळताना वळण लहान असो वा मोठे, हा फरक दोन चाकांमधल्या अंतराच्या साधारण दीडपट, नेमके सांगायचे तर १.५७ पट असतो. ब्रॉडगेजच्या रुळांत १.६७ मीटर अंतर असते, म्हणजे फरक पडतो २.६ मीटरच्या वर. दोन फुटी रुळांवर तोच फरक एक मीटरहूनही कमी. आगगाडीची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. एक जितके फिरेल तितकेच दुसऱ्याने फिरायचे. म्हणून चाकांना किंचित उतार देतात. वळणावर आस बाहेरच्या बाजूला सरकतो आणि बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालते. वळण फारच आवळलेले असेल तर हा उपायही पुरत नाही; एक चाक रुळावर घसटते आणि ती ओळखीची किंकाळी ऐकू येते. जुन्या मीटरगेजच्या काळात दूधसागरजवळच्या ब्रागांझा घाटातून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या कानात ती अजून असेल. रूळ जितके अरुंद, तितकी वळणे आवळून घेता येतात. टेकड्या आणि नाले चुकवत जाणाऱ्या गरीब मुलखातल्या गाडीला हे फार सोयीचे होते.

मोटारीला रूळ नाहीत आणि तिची चाके अशी जखडून चालत नाहीत. मागच्या दोन चाकांना इंजिनाची शक्ती तर मिळायला हवी, पण प्रत्येकाला आपापल्या वेगाने फिरण्याची मुभाही हवी. ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच कारागिराने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी यावर तोडगा काढला. मागच्या आसाचे दोन तुकडे करायचे आणि मधे दातेरी चाकांची अशी पेटी बसवायची की एक बाजू मंदावली तर तेवढीच दुसरी वेगावेल. हीच डिफरन्शियल. आपल्याकडचे मेकॅनिक तिला गोळा म्हणतात, कारण मागच्या एक्सलच्या मधोमध ती गोल फुगलेली दिसते.

या गोळ्यात एक खोट आहे, आणि पावसाळ्यात लाल मातीच्या रस्त्यावर गाडी घातलेल्या कोणत्याही गोवेकराला ती सांगावी लागू नये. सत्तरीत किंवा अनमोडच्या बाजूला कच्च्या कडेवर एक मागचे चाक चिखलात गेले की ते गरगर फिरत राहते आणि दुसरे, चांगल्या जमिनीवरचे चाक, ढिम्म उभे असते. साधी डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. म्हणून जे चाक कमी जोर पेलू शकते, तेच दोघांची मर्यादा ठरवते. निसटत्या चाकाला पेलवेल तेवढेच पक्क्या चाकालाही मिळते. वाहन कितीही महागडे असो, या नियमातून त्याची सुटका नसते.

१९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी घेण्यात आली. त्या काळी डांबरी रस्ते नव्हते. खडी दाबलेला रस्ता म्हणजे उत्तम रस्ता, बाकी धूळ आणि धोंडे. मुंबईहून कोल्हापूरला जायचे म्हणजे बोरघाट चढायचा, कात्रज ओलांडायचा, खंबाटकी उतरायची. मोटारीचे इंजिन, ब्रेक आणि मागचा आस या सगळ्यांचीच परीक्षा. या कसोटीत इंग्लंडहून आणलेली एक रोल्स-रॉईस उतरली होती. कंपनी अवघी दोन वर्षांची होती आणि तिची ४०/५० अश्वशक्तीची, सहा सिलिंडरांची, सात लिटरची गाडी त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये हजारो मैल न थांबता धावून गाजली होती. पुढे त्या साऱ्या मालिकेलाच सिल्व्हर घोस्ट हे नाव पडले. हिंदुस्थानात आलेल्या गाडीला नाव दिले होते पर्ल ऑफ द ईस्ट, पूर्वेचा मोती. घाट ओलांडून ती कसोटीला उतरली आणि लगेचच माधव महाराजांनी ती विकत घेतली. संस्थानिकांनी रोल्स-रॉईस खरेदी करण्याची जी रीघ पुढे लागली, तिच्या अगदी सुरुवातीला ही खरेदी येते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे अनेक राजांनी या गाड्या घेतल्या त्या सोन्या-चांदीच्या मुलाम्यासाठी, हस्तिदंती मुठींसाठी, शिकारीच्या दिव्यांसाठी. माधवरावांनी घेतली ती सह्याद्रीच्या घाटात पारखली गेलेली गाडी. शिकारीचा नाद त्यांना होताच; त्यांनी मारलेल्या वाघांचे आकडे आज वाचताना अंगावर काटा येतो आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण यंत्र निवडताना त्यांची नजर त्याच्या चालीवर असे, दिखाव्यावर नंतर.

चांदीची आगगाडी हा या नियमाला अपवाद म्हणता येईल, पण तीही निव्वळ दिखाऊ नव्हती. जयविलासच्या मेजवानीच्या दालनात लांबलचक टेबलावर रूळ मांडलेले. त्यांवरून विजेवर चालणारे छोटे इंजिन फिरे. डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे आणि डब्यांत मद्याच्या सुरया, सिगार, सुकामेवा. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. एकदा एका बड्या पाहुण्यासमोर यंत्र बिघडले आणि गाडी सुसाट सुटून पानावरचे पदार्थ पाहुण्यांच्या अंगावर उडाले, अशी एक कथा सांगतात. कथेत मीठमसाला किती, हे ज्याने त्याने ठरवावे. महाराज मात्र थट्टेखोर होते. एक एप्रिलला लोकांची फजिती करण्याचा त्यांना छंद होता. तेव्हा ती घटना घडली असलीच तर सर्वांत जास्त हसले असतील ते तेच.

त्यांच्या यंत्रप्रेमाचा खरा हिशेब राजवाड्याबाहेर मांडावा लागतो. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंडाळी उसळली तेव्हा त्यांनी स्वखर्चाने एक इस्पितळी जहाज सज्ज करून दिले. त्याचे नाव ग्वाल्हेर. ते स्वतःही तिकडे गेले. साम्राज्यनिष्ठेचे हे प्रदर्शन होते, हे मान्यच. त्याबद्दल पदव्या आणि पदके मिळाली. पहिल्या महायुद्धात त्यांनी एम्प्रेस ऑफ इंडिया ही कॅनडियन कंपनीची बोट घेतली आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचे इस्पितळ केले. तिला नाव दिले लॉयल्टी. युद्ध संपल्यावर ही बोट वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतली. नव्या कंपनीचे नाव ठेवले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. हिंदी मालकीची जहाजकंपनी इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देते आहे, असे ते दृश्य होते. आज राष्ट्रीय नौवहन दिन पाळला जातो तो त्याच तारखेला. राजनिष्ठा असे नाव दिलेल्या बोटीतून इंग्रजांशी स्पर्धा सुरू व्हावी, हा योगायोग मोठा गमतीदार आहे.

पोलादाची गोष्ट याहूनही मोठी. टाटा आयर्न अँड स्टील कंपनी १९०७ मध्ये उभी राहिली. लंडनच्या बाजाराने हात आखडता घेतला तेव्हा भांडवल हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत जमवून दिले. कारखाना चालवण्यासाठी खेळते भांडवल लागणार होते. त्यासाठी काढलेले चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या महाराजांनी उचलले. जमशेदपूरच्या भट्ट्या पेटल्या त्यामागे हा पैसा होता. त्या काळी संस्थानिकांची शिल्लक बहुधा सरकारी रोख्यांत किंवा जडजवाहिरात पडून असे. चिमणी उभी राहण्याआधीच कारखान्यावर एवढी रक्कम लावणे हे धाडस होते.

राज्यातही त्यांनी कारखाने काढले, कातडी कमावण्याचा, चिनी मातीच्या भांड्यांचा. गिरणीसाठी बिर्लांना आणले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या देखरेखीखाली १९१८ मध्ये संगीताचे विद्यालय सुरू झाले, ते माधव संगीत महाविद्यालय म्हणून आजही ओळखले जाते. ग्वाल्हेर घराण्याची गायकी जिथे घराघरांत कुलुपबंद होती, तिथे स्वरलिपी लिहून वर्गात शिकवायची, ही कल्पना अनेकांना रुचली नव्हती. पुण्यात शिवछत्रपतींचे स्मारक व्हावे म्हणून शाहू महाराजांनी चालवलेल्या खटपटीतही माधवराव आघाडीवर होते. सातारा जिल्ह्यातले कण्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव. उत्तरेत शंभरावर वर्षे राहूनही ते नाते त्यांनी सोडले नव्हते.

राज्यकारभाराबद्दल त्यांचे विचार दरबार पॉलिसी या ग्रंथमालेत आले आहेत. कोणत्या खात्याने काय करावे, कसे करावे, कोणी कोणाला जाब द्यावा, याचे बारीकसारीक नियम त्यात आहेत. वाचताना एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका वाचल्यासारखे वाटते. आणि इथेच त्यांच्या राजवटीची मर्यादाही दिसते. कायदेमंडळे त्यांनी नेमली, पण त्यांचे काम सल्ल्यापुरते. प्रत्येक दोरी शेवटी एकाच मुठीत. दिवसाचे कितीतरी तास ते कागद पाहत, खाती तपासत, दौऱ्यावर फिरत. माणूस मेहनती होता म्हणून गाडा चालला. तो नसेल तर काय, याचे उत्तर त्या नियमांत नव्हते.

यंत्राने आणि अभियांत्रिकीने त्यांना एकदा फार मोठा दगाही दिला. ग्वाल्हेरला पाणी मिळावे म्हणून सांक नदीवर तिगरा येथे धरण बांधले गेले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांसारख्या अभियंत्याचा सल्ला त्यामागे होता. दगडी भिंत उत्तम होती. पण ती उभी होती वाळूच्या खडकावर. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, पाणी खडकाच्या थरांत शिरले, आणि भिंतीचा भाग बसल्या जागेवरून सरकून वाहून गेला. खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. भिंत फुटली नव्हती, घसरली होती. तिचे वजन पेलणाऱ्या जमिनीने पकड सोडली. पुढे धरण पुन्हा बांधले गेले आणि ग्वाल्हेर आजही त्याचे पाणी पिते. पण महाराजांच्या हयातीत तो घाव भरून आला नाही.

खासगी आयुष्यातही पकड सुटण्याचे प्रसंग आले. पहिल्या महाराणी चिंकूराजे यांना अपत्य नव्हते. गादीला वारस हवा म्हणून बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे हिच्याशी वाङ्निश्चय झाला. लग्नाची तयारी चालू असताना, १९११ च्या दिल्ली दरबारानंतर, इंदिराराजेंनी स्वतः महाराजांना पत्र लिहून हे लग्न करणार नसल्याचे कळवले. त्यांचे मन कुचबिहारच्या राजकुमारात गुंतले होते. माधवरावांनी सयाजीरावांना तार केली आणि बडोद्याच्या राजवाड्यात हलकल्लोळ उडाला. तरुण मुलीचे धैर्य म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पस्तिशीतल्या, जगभर नावाजलेल्या पण निपुत्रिक राजाच्या बाजूने तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. त्यांनी त्या मुलीवर सूड उगवला नाही, एवढी नोंद तरी व्हावी.

यानंतर ग्वाल्हेरच्या घराण्याचा संबंध गोव्याशी जुळला. दुसऱ्या महाराणी गजराराजे या गोव्याच्या राणे घराण्यातल्या. सत्तरीच्या राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध किती वेळा शस्त्र उचलले, हे इथल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याच राणे नावाची लेक इंग्रजांच्या सर्वांत निष्ठावंत संस्थानिकाच्या घरी गेली. त्यांच्या पोटी कन्या कमलाराजे आणि २६ जून १९१६ रोजी पुत्र जिवाजीराव यांचा जन्म झाला. इंग्लंडच्या राजा-राणीच्या नावांवरून मुलांना जॉर्ज आणि मेरी अशीही नावे मिळाली. ग्वाल्हेरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला गजराराजेंचे नाव आहे; तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना या नावाचा गोव्याशी असलेला धागा माहीत असेल, कोण जाणे.

उन्हाळ्यात दरबार शिवपुरीला जाई. जंगलात तळी बांधली होती. एकाला आईचे नाव, सख्यासागर. आईच्या निधनानंतर त्यांनी तिथेच तिची छत्री उभारली. दोन फुटी गाडी तिथवर जात होतीच, मोटारीचा रस्ताही झाला. १९२५ मध्ये ते युरोपच्या प्रवासाला निघाले आणि पॅरिसमध्ये ५ जून रोजी त्यांचे निधन झाले. वय ४८. जिवाजीराव नऊ वर्षांचेही नव्हते. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी माधवराव जेवढे होते, जवळजवळ तेवढेच. पुन्हा रीजन्सी आली आणि ती १९३६ पर्यंत चालली. एका पोरक्या मुलाने वाढवलेले राज्य दुसऱ्या पोरक्या मुलाच्या नावाने इंग्रजांच्या नजरेखाली गेले.

त्यांच्या मोटारीच्या मागच्या आसातली खोट दूर झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. फर्डिनांड पोर्श यांनी जर्मनीत ऑटो युनियनसाठी शर्यतीची गाडी आखली. सोळा सिलिंडरांचे इंजिन मागे, ताकद अफाट, आणि वळणावर आतले चाक नुसते फिरत राही. झेडएफ या दातेरी चाकांच्या कारखान्याने १९३५ च्या सुमारास त्यांना अशी डिफरन्शियल करून दिली की एक चाक निसटू लागले तरी दुसऱ्याकडे जोर जात राहावा. तीच लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. पुढे तिचे प्रकार झाले. काहींत घर्षणाच्या तबकड्या, काहींत दाट तेल. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन संशोधकाने १९५८ मध्ये तिरप्या दात्यांच्या गिअरांवर पेटंट घेतले, ती टॉर्सेन. मग ही पेटी छोट्या स्पोर्ट्स कारपर्यंत उतरली. माझदाच्या मियाटा या दोन आसनी गाडीत आधी दाट तेलाची आणि १९९० च्या दशकात मोठ्या इंजिनाबरोबर टॉर्सेन येऊ लागली.

जुनी छोटी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला आज इंदरगंजात काय किंवा पणजीत काय, पहिला प्रश्न हाच पडतो की आपल्या गाडीत कोणती पेटी आहे. विकणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवू नये. गाडीची मागची दोन्ही चाके जॅकवर उचलावीत, पक्क्या ठोकळ्यांचा आधार द्यावा, हँडब्रेक सोडून गिअर न्यूट्रलला आणावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलट दिशेने फिरले तर पेटी साधी. त्याच दिशेने फिरले तर लिमिटेड स्लिप असण्याचा संभव दाट. संभव एवढ्याचसाठी म्हणायचे की झिजलेल्या तबकड्यांची पेटी साधीसारखीच वागते आणि दाट तेलाची पेटी सावकाश फिरवल्यास फसवते. शेवटचा पुरावा गोळ्यावरची खूण किंवा उघडलेले झाकण हाच.

पेटी बदलून चांगली बसवायची तर आधी क्राऊन-पिनियनचे प्रमाण जुळते का ते पाहावे. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारून चाकाच्या एका फेऱ्याला तो किती फिरतो हे मोजले की ते कळते. मात्र त्या वेळी दोन्ही चाके एकत्र फिरवावी लागतात, नाहीतर आकडा चुकतो. शाफ्टच्या टोकाचे दाते नव्या पेटीत बसायला हवेत. तबकड्यांच्या पेटीला तेलही तिचेच लागते. साधे गिअर तेल घातले तर ती वळणावर कुरकुरते, गाडीला हिसके देते. आणि टॉर्सेन घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की ती निसटत्या चाकाच्या पकडीचा काही पटीने गुणाकार करते. एक चाक अधांतरी गेले तर पकड शून्य आणि शून्याला कितीने गुणले तरी शून्यच. घाटात कडेला गाडी घालणाऱ्याला म्हणूनच तबकड्यांची पेटी अधिक कामाची. माधव महाराजांना हा सारा उद्योग पाहायला मिळाला असता तर त्यांनी कोट काढून ठेवला असता, असे वाटते.

दोन फुटी गाडी त्यांच्यामागे पंच्याण्णव वर्षे चालली. संस्थान विलीन झाल्यावर १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. भिंड आणि शिवपुरीचे फाटे एकेक करून गेले, श्योपूरची गाडी मात्र राहिली. टपावर, पायऱ्यांवर, इंजिनावर माणसे लटकलेली. दोनशे किलोमीटरला दहा-अकरा तास. २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा ती थांबली आणि पुन्हा सुटली नाही. तिच्या मार्गावर ब्रॉडगेजचे काम हाती घेतले गेले. ग्वाल्हेरच्या नावाची एक मोटार कंपनी १९४८ पर्यंत दिल्लीत शहरी बस चालवत होती. सरकारने ती सेवा हाती घेतली आणि आजची दिल्लीची बससेवा त्यातून उभी राहिली.

शिवपुरीत माधवरावांची छत्री मातोश्रींच्या छत्रीच्या अगदी समोर आहे, मधे पाण्याचा हौद. जयविलासच्या संग्रहालयात टेबलावर चांदीची गाडी आहे. सुरया डब्यांत ठेवलेल्या आहेत. शाळेची मुले टेबलाभोवती गर्दी करतात आणि ती चालते का, असे विचारतात.